रामा चांगू उतेकर हजर

६ जानेवारी २०२५, सोमवार

कंपनीने यंदाही डायऱ्या पाठवल्या. दरवर्षी मी ही डायरी मुलीला, मानसीला देतो. पण ती आता पुण्यात शिकते आणि तिला कागदाची वही लागत नाही म्हणे. तेव्हा यंदा मीच लिहावं असं ठरवलं. प्रत्येक पानाच्या तळाशी 'तुमच्या स्वप्नांच्या सोबत' असं छापलंय. त्याच्या वर जे लिहीन ते माझं.

माझं काम लोकांना सांगताना अडचण होते. मी वकील आहे, पण कोर्टात बोलत नाही. पगारी नोकरी धरली की वकिलाला सनद जमा करावी लागते, तशी मी चार वर्षांपूर्वी केली. आमची कंपनी गाड्यांसाठी कर्ज देते. महाड-पोलादपूरकडच्या कोर्टांत तिचे जे दावे आहेत त्यांची कागदपत्रं मी तयार करतो, बाहेरच्या वकिलाला सगळी माहिती देतो आणि कंपनीच्या वतीने शपथपत्र करतो. बोलतो तो वकील, शपथ घेतो मी.

पोलादपूरला आमच्या वकील सेजल. माझी प्रॅक्टिस होती तेव्हा ती माझ्याकडेच ज्युनिअर होती. आता ती पुढे उभी राहते आणि मी मागच्या बाकावर बसतो. बाहेर आल्यावर विचारते, सर, बरोबर बोलले ना? बरोबरच बोलते.

उद्या तिथे तारीख आहे. रामा चांगू उतेकर.

७ जानेवारी, मंगळवार

रामाकाका माझ्या आधी येऊन कोर्टाच्या पायरीवर बसले होते. त्यांची वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या अंगाला. तिथून पायी खाली यायचं, मग एसटी. सत्तरीचा माणूस, पण दोन वर्षांत एकही तारीख चुकवली नाही. आमच्या बाकीच्या प्रतिवादींना शोधता शोधता बेलीफाच्या चपला झिजतात आणि हे गृहस्थ पुकारा व्हायच्या आधीच उभे.

हकिकत साधी आहे. पाच वर्षांपूर्वी कर्ज काढून टेम्पो घेतला, लॉकडाऊनमध्ये हप्ते थांबले, कंपनीने टेम्पो ओढून नेला आणि विकला. उरलेल्या रकमेसाठी दावा. काकांनी समन्स घेतलं, हजर झाले, पण वकील दिला नाही आणि लेखी म्हणणंही दिलं नाही. गेल्या साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आता वसुलीसाठी त्यांचं घर आणि घरामागची जमीन जप्त करून विकावी असा आमचा अर्ज आहे. सातबारा मीच काढला. शपथपत्रही मीच केलं आणि आज ते दाखल झालं. 'सदर मिळकत प्रतिवादीच्या मालकीची असून प्रतिवादीस मी ओळखतो.'

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं की म्हणजे घर जाणार काय. जाऊ शकतं, असं मी सांगितलं, आणि कोर्टातून मोफत वकील मिळतो तेवढा तरी घ्या असं पुन्हा सुचवलं.

"वकील कशाला? तुमी हाव की."

"काका, मी समोरच्या बाजूचा आहे."

"त्या बाजूचं ऱ्हावा. पन हाव ना?"

आम्ही चहा घेतला. कशेडीच्या चढाला टेम्पो दम धरायचा का, असं मी सहज विचारलं. काका म्हणाले, लाल व्हता, हत्तीवानी चढायचा. माझ्या फायलीत टेम्पो पांढरा आहे. वय झालं की रंग विसरायला होतात.

१३ जानेवारी, सोमवार. पौर्णिमा

सकाळी विहारात. उपवास धरला. पंचशील म्हणताना मला रोज चौथ्या शीलापाशी थोडं अडखळायला होतं, कारण माझा सगळा पगार शपथेवर उभा आहे. भन्तेजींना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, खोटं बोलू नये हे सोपं आहे. आपल्याला माहीत आहे असं वाटतं ते खरंच माहीत आहे का, हे बघणं कठीण. मला ते तेव्हा जरा पुस्तकी वाटलं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोलादपूर. पुढची तारीख मिळाली. दहा मिनिटांचं काम.

बायको, उज्वला, हल्ली पोलादपूरच्या तारखेला डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालते. मी काही सांगितलेलं नाही. काकांना आंबोळीपेक्षा नाचणीची भाकरी आवडते एवढंच मागे बोललो असेन. त्यांनी आज वाडीवरून पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या, मीठ घालून उकडलेल्या. कोर्टाच्या मागच्या आवारात बसून खाल्ल्या. सेजल जाता जाता म्हणाली, सर, वादी-प्रतिवादीत तडजोड झाली की काय? काकांनी तिलाही मूठभर दिल्या.

आज पोचपावतीवर काकांनी अंगठा लावला. कर्जाच्या करारावर तर चांगली वळणदार सही आहे, 'रा. चां. उतेकर'. विचारलं तर म्हणाले, हात कापतो. पण शेंगा सोलताना कापत नव्हता. म्हातारपणी असं होतं, एका कामाला हात धरतो, दुसऱ्याला धरत नाही. करारावरचा फोटोही झेरॉक्सची झेरॉक्स होऊन काळा पडलाय. मूळ प्रत पुण्याला आहे.

रात्री जेवताना उज्वला म्हणाली, तुम्ही त्या माणसाच्या तारखेची वाट बघता. तसं काही नाही. तारीख कंपनीची असते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुण्याहून अश्विनचा फोन. हा आमच्या विधी विभागाचा प्रमुख, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला सर म्हणतो. मुलगा चांगला आहे. मार्चअखेर म्हणून महाड विभागातली एक तरी जप्ती पूर्ण झालेली वर दाखवायची आहे. "उतेकरची फाइल एकदम स्वच्छ आहे, सर. माणूस हजर असतो, विरोध करत नाही. असे प्रतिवादी मिळत नाहीत."

खरं आहे. मिळत नाहीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पोलादपूर. न्यायाधीश मॅडमनी सांगितलं की चोवीस मार्चपर्यंत कुणाची हरकत आली नाही तर जप्तीचा हुकूम करू. काकांना समजलं की नाही म्हणून मी ते सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलं. ते मान हलवत राहिले. मला वाटतं ते भीतीने येतात. सरकारी कागदावर नाव आलं की आपला डोंगरातला माणूस हातातलं काम टाकून निघतो, माझा आजाही निघायचा. कुणीतरी त्यांच्याशी धीराने बोलायला हवं म्हणून मी बोलतो, इतकंच.

शिमग्याला वाडीवर या म्हणाले. मी कंपनीचा माणूस, येणं बरं दिसत नाही, असं सांगितलं. त्यावर, कंपनीला घरी ठेवा आन तुमी या.

१६ मार्च, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहायला हवं.

जायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, आठ दिवसांनी ते घर जप्त होणार, ज्या घराबद्दल शपथ घेतली ते एकदा डोळ्यांनी तरी पाहावं. स्कूटर उमरठला लावली आणि चढून गेलो. मुंबईची माणसं शिमग्याला आलेली, त्यामुळे एरवी रिकामी असणारी वाडी भरलेली. पालखी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नाचत होती.

काकांचं घर दोन खणांचं, मागे उतारावर काजूची झाडं आणि वरीची खाचरं. त्यांनी मला बघितलं आणि आत बोलावलं. मी पायरीवर थोडा थांबलो. माझा आजा या वाड्यांवर निरोप घेऊन यायचा, तेव्हा त्याला अंगणाच्या खाली उभं राहावं लागे. काकांना तो काळ आठवत असणार. त्यांनी हात धरला आणि मला ओटीवर नव्हे, माजघरात चुलीपाशी नेऊन बसवलं. "पालखीच्या पाया नका पडू, तुमचं येगळं हाय ते म्हाईत हाय. पन जेवा." जेवलो. हरभऱ्याची उसळ आणि भाकरी.

तेवढ्यात चाळिशीच्या आतला एक माणूस गुलाल माखून आत आला. काका उठून म्हणाले, हा माझ्या पुतन्याचा पोरगा, मुंबैला असतो. त्याने हात पुसला, पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं.

"रामा उतेकर. रामा चांगू."

मला वाटलं तो काकांचं नाव सांगतोय. मी विचारलं, तुमचं नाव? तो हसला. माझंच, सायब. वाडीत दोन हायत, हे थोरले आन मी धाकटा. मी काय करतो असं त्याने विचारलं, तेव्हा मी कंपनीचं नाव सांगितलं. तो आणखी मोकळा झाला. "मायला, तुमच्या कंपनीनं माझा टेम्पो नेला ना लॉकडाउनला. पांढरा शुभ्र व्हता. रडलो तवा. मंग म्हटलं जाऊ दे, गाडी गेली, मॅटर खतम." आता तो कांदिवलीला शाळेची बस चालवतो. पोलिसांचा दाखला देऊन नोकरी मिळाली हे तो अभिमानाने सांगत होता. काकांनी त्याला पाणी आणायला विहिरीवर पिटाळलं. माजघरात पाण्याच्या दोन कळश्या भरलेल्या होत्या.

मग काका मला मागच्या खाचरात घेऊन गेले. दोघे बांधावर बसलो. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

काका तरुणपणी गुजरातेत मिठागरावर कामाला गेले होते. तिथे आजारी पडले. लिहिता येत नाही, त्यामुळे पत्र नाही. तीन वर्षं काही कळलं नाही तेव्हा घरच्यांनी बारावं घातलं. त्याच महिन्यात पुतण्याला, चांगूला, मुलगा झाला. गेलेल्या माणसाचं नाव पोराला ठेवलं. पुढच्या पावसाळ्यानंतर काका चालत वाडीवर आले. वहिनीने भूत समजून चुलीतली राख अंगावर मारली.

"जित्या मानसाचं नाव पोराला ठेवीत नाय," काका म्हणाले. "पन ठेवलं तवा मी मेलेला व्हतो."

वाडीतले म्हणाले पोराचं नाव बदला, नाहीतर दोघांतल्या एकाला भारी पडेल. काकांनीच नको म्हटलं. त्यांचं लग्न मोडलं होतं, पुन्हा कधी झालं नाही. आपल्या मागे कुणीतरी हे नाव घेऊन फिरेल, ऱ्हाऊ दे, असं म्हणाले. आणि त्यांच्या वडलांचं नाव चांगू, पोराच्या बापाचंही चांगू, आज्यावरून ठेवलेलं. त्यामुळे सगळं नाव सारखं.

"समन्स आलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं, कागद कुणाचा आहे ते?"

"बेलीफानं इचारलं, रामा चांगू कोन. म्हनलो मी. पयल्या दिशी ठावं नव्हतं. तुमी टेम्पोचं काढलंत तवा समजलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"त्याला कशाला बोलवायचा हितं? पोरांची बस चालवतो. कोरटाचा कागद गेला तर ठेवतील काय त्याला?"

मी म्हणालो, काका, घर जाईल. ते म्हणाले, माझ्या मागं त्यालाच जायाचं. तुमी नेलंत तर त्याचंच गेलं, माझं काय गेलं? मी विचारलं, तुम्ही राहणार कुठे? त्यांनी काजूच्या झाडाकडे बघितलं, मोहोर यंदा बरा आहे म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजवर गप ऱ्हायलाव, तसंच ऱ्हावा."

"आजवर मला माहीत नव्हतं."

"मंग आजपन नाय, असं धरा."

खाली पालखी आली होती म्हणून ते उठून गेले. मी तिथेच बसून होतो. दोन वर्षं मी ज्यांना समजावत होतो, त्यांना सगळं समजत होतं. मला लाज वाटली पाहिजे होती. ती वाटलीच, पण तिच्याहून जास्त वाटलं ते वेगळंच, त्याला शब्द सापडत नाही.

१८ मार्च, मंगळवार

पुण्याच्या ऑफिसमधून कराराची मूळ प्रत स्कॅन करून मागवली. फोटो स्वच्छ आहे. धाकटाच, केस भरपूर.

अश्विनला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने फाइल उघडून घेतली. मग विचारलं, मिळकत उतेकरच्याच नावावर आहे ना? आहे. हरकत कुणाची? कुणाची नाही. प्रतिवादी स्वतः नाही म्हणतो? नाही म्हणत. "मग सर, जो माणूस स्वतःहून देतोय त्याला आपण का अडवतोय?" मी म्हणालो की शपथपत्र माझं आहे. तो म्हणाला, ते तुम्ही त्या दिवशी माहीत होतं त्यावर केलंत, त्यात खोटं काही नाही. हे लेखी मात्र कळवू नका.

तो वाईट नाही. त्याचा प्रश्नही वाईट नाही.

२० मार्च, गुरुवार

आज चवदार तळ्यावर माणसांचा पूर. दरवर्षीप्रमाणे पाणी वाटपाला उभा राहिलो, पहाटेपासून दुपारपर्यंत. हात आपोआप चालतो, डोकं मोकळं राहतं, म्हणून मला हे काम आवडतं.

मोकळ्या डोक्याने एवढंच कळलं. काकांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, हीच अडचण आहे. मी बोललो तर धाकट्याची नोकरी आणि काकांनी दोन वर्षं राखलेली गोष्ट, दोन्हीला धक्का. गप्प राहिलो तर काका पावसाळ्याच्या तोंडावर घराबाहेर, आणि तो कागद माझ्या सहीचा. वकिली केली असती तर एक बाजू घेतली असती. इथे सगळ्यांच्या बाजूला मीच उभा आहे आणि शपथ मात्र एकच.

२३ मार्च, रविवार

उज्वलाला सांगितलं. ती पाचवीच्या वह्या तपासत होती. मी म्हणालो, उद्या खरं सांगितलं तर बहुधा नोकरी जाईल. ती म्हणाली, बरं. तिला नीट समजलं नसावं म्हणून मी पुन्हा, मानसीची फी वगैरे सगळं काढून, सांगितलं. तिने वहीवरून मान वर केली नाही. "माझा पगार आहे. आणि सनद परत मागायचा अर्ज कुठल्या कपाटात आहे ते मला ठाऊक आहे."

असा अर्ज मी भरून ठेवला होता हे मी स्वतः विसरलो होतो. तिने कधी बघितला?

सेजललाही संध्याकाळी फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, सर, तुम्ही सांगितल्याशिवाय मी काही करू शकत नव्हते, सांगितलंत तर गप्पही राहू शकत नाही. उद्या शपथपत्र मागे घ्यायचा अर्ज मी तयार ठेवते. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, शिकवलंत तुम्हीच.

२४ मार्च, सोमवार

झालं.

काका नेहमीसारखे आधी येऊन बसले होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. डब्याकडे बघितलं नाही.

पुकारा झाला. सेजलने अर्ज दिला. मॅडमनी वाचला आणि मला पिंजऱ्यात बोलावलं. शपथ झाली. विचारलं, आधीचं शपथपत्र खोटं होतं का? मी म्हणालो, न बघता केलं होतं. आपल्याला माहीत आहे असं मला वाटलं, आणि मी ते माहीत आहे म्हणून लिहिलं. त्यांनी ते तसंच टाइप करून घेतलं.

मग त्या काकांकडे वळल्या. आजोबा, कर्ज तुम्ही घेतलं होतं?

"नाव माझंच हाय, बाईसायब."

नाव नाही विचारलं, कर्ज कुणी घेतलं? काकांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. कर्ज मी घेतलं, असं खोटं मात्र त्यांनीही नाही म्हटलं. दोन वर्षांत एकदाही म्हटलं नाही, हे मला तिथे उभं असताना उमगलं. मॅडमनी कोरा कागद पुढे केला आणि करारावर आहे तशी सही करून दाखवा म्हणाल्या. काकांनी पेन हातात घेतलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. असं कुणी कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं आणि बघू नये. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि अंगठा पुढे केला.

हुकूम झाला की मिळकतीचा या वसुलीशी संबंध नाही. खऱ्या प्रतिवादीला मुंबईच्या पत्त्यावर नोटीस काढावी, आणि त्याचं म्हणणं न ऐकता निकाल झाला असल्याने त्याला ते मांडायची मुभा आहे. मला समज देण्यात आली. रीतसर होती, मी ती मान खाली घालून ऐकली.

बाहेर येईपर्यंत काका स्टँडकडे निघाले होते. मी मागून गेलो. घर राहिलं, काका, असं म्हणालो. ते थांबले नाहीत. "घर कोनाला पायजे व्हतं?" एवढंच म्हणाले.

भाकऱ्या परत घरी आणल्या. त्याच रात्री आम्ही दोघांनी खाल्ल्या.

२ एप्रिल, बुधवार

पुण्याचं पत्र आलं. 'कंपनीच्या हितास बाधा'. एक महिन्याची मुदत, तोवर चालू तारखा सांभाळाव्यात. अश्विनने वेगळा फोन करून सांगितलं की पत्राचा मसुदा त्याने केलेला नाही. मग म्हणाला, माझ्या आजोबांचं नाव माझ्या चुलतभावाला आहे, सर. का सांगतोय काय माहीत.

आज सनदीचा अर्ज पोस्टात टाकला.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दारात धाकटा रामा. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेला, डोळे लाल. मी त्याला बसवलं. नोटीस त्याच्या खोलीवर पोचली होती. ती वाचून त्याने वाडीवर फोन लावला, तेव्हा थोरले म्हणाले की तू येऊ नको, मी बघतो.

"दोन वर्स बघत व्हते, सायब," तो म्हणाला. "आन मला म्हायतच नाय. शिमग्याला घरी येऊन नाचलो मी."

शाळेत त्याने स्वतःहून सांगून टाकलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की कर्जाचा दावा म्हणजे गुन्हा नव्हे, तारखेला रजा टाक आणि जा. त्याची वकिली मी करावी अशी त्याची इच्छा होती. मला ते करता येत नाही, कंपनीची बाजू मी पाहिलेली आहे. महाडच्या एका चांगल्या वकिलाचा नंबर दिला. जाताना त्याने विचारलं की त्या फोननंतर थोरले माझ्याशी बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतात काय? मी म्हणालो, माझ्याशीही नाही. आम्ही दोघे दारात जरा उभे राहिलो, एकाच मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

२१ एप्रिल, सोमवार

पोलादपूर. कंपनीसाठी माझी शेवटची तारीख.

धाकटा आपल्या वकिलासोबत आत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. थोरले बाहेरच्या बाकावर. या कामाशी आता त्यांचा काही संबंध नव्हता, कुणी बोलावलंही नव्हतं. मी दुसऱ्या टोकाला बसलो. मध्ये तीन माणसांची जागा.

मग त्यांनीच विचारलं, तुमची नोकरी गेली म्हंत्यात. गेली, मी म्हणालो. ते थोडे सरकले. "म्या काय तुमाला गप ऱ्हावा म्हनलो नव्हतो?" म्हटलं होतंत. आणखी थोडे सरकले. "आयकायचं नाय कुनाचं. धाकटा पन तसलाच." आणि धोतराच्या सोग्यातून काजूचे ओले गर काढून आमच्या मध्ये बाकावर ठेवले.

आत वकिलांचं तडजोडीचं बोलणं आधीच झालं होतं, सेजल मला डोळ्यांनी सांगून गेली होती. गाडी किती किमतीला विकली तेच कंपनीने कधी कळवलं नव्हतं, तेव्हा धाकट्याचं म्हणणं मजबूत होतं. उरेल ते जमेल तसं देणार आणि नोकरी शाबूत. काकांना मी हे सांगणार होतो, तोच पट्टेवाला दारात आला.

"रामा चांगू उतेकर."

काकांचा हात गुडघ्यावर गेला. ते उठलेच. अर्धे उठले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. तसेच वाकलेले राहिले, पुढे जावं की बसावं ते कळेना असे. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पट्टेवाल्याने पुन्हा नाव घेतलं.

आतून आवाज आला, "हाय, सायब."

काका हळूहळू खाली बसले. हात त्यांनी काढून घेतला नाही. दाराकडे बघत बघत म्हणाले, "माझ्यावानीच बोलतो."